एसआर १८८: तीन किलोमीटरचा राज्य मार्ग आणि पलीकडचं टेकाटे

सॅन डिएगोत राहणाऱ्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की पहिल्या पंधरा दिवसांत एक फर्माईश हमखास येते, "ती मेक्सिकोची बॉर्डर दाखवा की एकदा." मग सगळे जण सॅन इसिद्रोला जातात, तिथल्या आउटलेट मॉलच्या पार्किंगमधून भिंत दाखवतात, दोन फोटो, एक कॉफी, झालं. मी पण आत्तापर्यंत सगळ्या पाहुण्यांना हेच दाखवलंय. पण ह्या वेळी सासू-सासरे आले होते आणि आमचे बाबा म्हणजे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, सातारा जिल्ह्यातले किती रस्ते ह्यांच्या हाताखालून गेले त्याचा हिशोब त्यांनाच माहीत. त्यांना भिंतीत काडीचा इंटरेस्ट नव्हता. ते सकाळी चहा घेत टॅबवर मॅप झूम करत बसले होते आणि एकदम म्हणाले, "अगं हा बघ, एसआर १८८. ९४ वरनं सुटतो आणि बॉर्डरला जाऊन संपतो. पावणेदोन-दोन मैल. एवढ्याशा तुकड्याला राज्य मार्गाचा नंबर?"

झालं, ठरलं. टेकाटे.

थोडं भूगोलाचं सांगते कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. सॅन डिएगो काउंटीतून मेक्सिकोत जायला रस्त्याने सॅन इसिद्रो, ओटाय मेसा आणि टेकाटे अशी गेट्स आहेत. सॅन इसिद्रोला आय-५ सारखा दांडगा हायवे जाऊन धडकतो, ओटाय मेसाला ९०५ जातो, तिथे ट्रकच ट्रक. आणि टेकाटेला जातो हा १८८, डोंगरातला, दोन लेनचा, १.८५ मैलांचा, म्हणजे तीन किलोमीटरला किंचित कमी. पलीकडे मेक्सिकोतलं टेकाटे हे चांगलं मोठं शहर आहे, अलीकडे अमेरिकेतलं टेकाटे म्हणजे पोस्ट ऑफिस, पार्किंग, चार दुकानं आणि गोदामं.

शुक्रवार

उन्हं वर आल्यावर निघालो, एप्रिलचे दिवस, घरी ढग आणि आत गेल्यावर लख्ख. डाउनटाउनपासून ९४ (हा पण राज्य मार्गच) सुरू होतो तो स्प्रिंग व्हॅलीपर्यंत फ्रीवे असतो आणि मग त्याचा सगळा रुबाब उतरतो, साधा दोन लेनचा रस्ता होतो. रँचो सॅन डिएगोजवळ स्वीटवॉटर नदीवर १९२९ चा जुना लोखंडी पूल आहे, आता त्यावरून गाड्या जात नाहीत, नुसते चालणारे. आमच्या बाबांनी तिथेच पहिला थांबा घ्यायला लावला. पुलाचे रिव्हेट मोजून झाले, गर्डरवर थाप मारून झाली. आई गाडीतून उतरल्याच नाहीत. "ह्यांच्याबरोबर मी चाळीस वर्षं पूलच बघतेय," म्हणाल्या आणि आवळासुपारीची डबी उघडली.

आवळासुपारी लागते हो. हामूलच्या पुढे वळणं सुरू होतात ती संपतच नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसा आणि निघण्याआधी भरपेट खाऊ नका. डल्झुरा, बॅरेट जंक्शन ही नावं मॅपवर गावासारखी दिसतात, प्रत्यक्षात एखादं घर, एक मेलबॉक्स, एक घोडा. पेट्रोल हामूलच्या आतबाहेर भरून घेतलेलं बरं. आणि फोनची रेंज मधेमधे जाते, तेव्हा मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

डोंगर मात्र काय सुंदर दिसत होते! वर्षातले दहा महिने हे डोंगर करडे असतात, एप्रिलमध्ये जांभळ्या-पांढऱ्या रानलायलॅकने भरलेले. मधेच काळ्या जळक्या काड्या उभ्या, त्यांच्या बुडातून हिरवी पालवी. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ह्याच भागात, पोत्रेरोजवळ हॅरिस फायर लागली होती, नव्वद हजार एकराच्या वर जळालं. त्यानंतरही आगी लागत राहिल्यात. ही झुडपं मुळातून परत फुटतात, पण आगी फार लवकर लवकर लागत गेल्या तर त्यांनाही जमत नाही, तिथे मग नुसतं गवत उरतं आणि ते तर अजूनच भुरुभुरु पेटतं. बाबा सगळा वेळ रस्त्याच्या कडेला बघत होते. "साइडपट्टीच नाही बघ. वळणाला सुपरएलिव्हेशन, म्हणजे बाहेरच्या कडेला उंची, दिलंय चांगलं पण साइडपट्टी कुठाय? सायकलवाला आला तर?" तेवढ्यात खरंच एक सायकलवाला आला, मग बाबा जरा समाधानानेच गप्प बसले.

१८८ चा फाटा उजवीकडे लागतो, तिथे पाटी आहे. आमच्या नवऱ्याला वाटलं पटकन वळावं आणि जावं. छे. आधी कडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली आणि बाबा उतरले. कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला छोट्या पांढऱ्या उभ्या पट्ट्या असतात, त्यावर रस्त्याचा नंबर, काउंटीचं नाव आणि मैलाचा आकडा. इथे वर्षानुवर्षं राहून मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आकडे दक्षिणेकडून किंवा पश्चिमेकडून मोजत येतात म्हणे. बाबांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे शून्य बॉर्डरवर आहे. आपण शेवटाकडून सुरुवातीकडे चाललोय." आपल्याकडे राज्य मार्गाच्या दगडाला वर हिरवा रंग असतो आणि तो लांबून दिसतो, ही पट्टी कुणासाठी लावलीय, असं त्यांचं मत पडलं. मला विचाराल तर ती फक्त रस्त्याच्या खात्यातल्या माणसांसाठीच असावी आणि आज तिला तिचा खरा वाचक भेटला.

पुढचा रस्ता दोन-तीन मिनिटांचा. उतार, दोन्ही बाजूला गोल गोल ग्रॅनाइटचे धोंडे, ट्रकची रांग डाव्या हाताला कुठेतरी वळते, आणि उजवीकडे कुचुमा डोंगर. मग मेक्सिकन कार इन्शुरन्सच्या पाट्या, डॉलर-पेसो बदलून देणारं खोपटं, पोस्ट, आणि समोर गंजक्या रंगाचे उंच पोलादी खांब. त्या खांबांच्या पलीकडे लगेच घरं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे. अलीकडे रिकामं आणि पलीकडे एकदम भरलेलं शहर. नकाशावर रेघ असते तशी रेघ जमिनीवर सहसा दिसत नाही, इथे दिसते.

इथे मधेच कागदपत्रांचं लिहून टाकते, कारण व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी हेच विचारलं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल (आई-बाबांचा टुरिस्ट व्हिसा चालतो) किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. एच-वन वाल्यांनो, नीट वाचा, पासपोर्टातला स्टँप चालू पाहिजे, नुसत्या अॅप्रूव्हलच्या कागदावर मेक्सिकोवाले आत घेत नाहीत. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट बरोबर ठेवा. आणि गाडी घेऊन जाऊ नका, अमेरिकन इन्शुरन्स पलीकडे चालत नाही, वेगळा काढावा लागतो, शिवाय परत येताना गाड्यांची रांग चालणाऱ्यांच्या रांगेपेक्षा कितीतरी हळू सरकते. आम्ही गाडी अलीकडच्या पेड पार्किंगमध्ये ठेवली, रात्रीचे पण पैसे भरले आणि बॅगा ओढत चालत निघालो.

मेक्सिकोत शिरणं म्हणजे एक लोखंडी फिरतं दार. ढकललं की देश बदलला. अमेरिकेच्या बाजूने कुणी हटकलंसुद्धा नाही. आई दारात अडकल्या कारण बॅग आणि त्या एकाच खणात शिरल्या होत्या, पाठीमागच्या एका शाळकरी मुलाने हसत हसत बॅग ओढून काढली. आत गेल्यावर बरेच लोक सरळ चालत गावात जातात, पण आपल्याला पासपोर्टवाल्यांना इमिग्रेशनच्या खिडकीशी थांबून परमिट घ्यायलाच पाहिजे, कुणी बोलवलं नाही तरी. दोन रात्रींचंच होतं, आम्हाला काही पैसे पडले नाहीत. खिडकीतल्या साहेबांनी बाबांना विचारलं, इथे काय बघणार? बाबा म्हणाले, "रोड." साहेबांनी आमच्याकडे बघितलं, मी मान हलवली, शिक्का बसला.

घड्याळ बदलावं लागत नाही. बाकी बहुतेक मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळं पुढे-मागे करणं बंद केलं पण बाहा कॅलिफोर्निया अजून सॅन डिएगोच्याच वेळेने चालतं. शाळा, नोकऱ्या, दुकानं सगळं रेघेच्या आरपार आहे, दुसरी वेळ कशी परवडणार.

गेटपासून गावचा चौक, पार्के मिगेल इदाल्गो, अगदी जवळ. आई रमतगमत चालल्या तरी लगेच पोचलो. मोठी झाडं, मधे बँडस्टँड, बाकांवर म्हातारे डॉमिनो खेळतायत, गिटारवाले गिऱ्हाईक शोधत फिरतायत, पोरं पळतायत. टेकाटेला २०१२ मध्ये 'पुएब्लो माहिको' दर्जा मिळाला, मेक्सिकोतल्या खास गावांची सरकारी यादी असते त्यात. पण पर्यटकांसाठी नटवल्यासारखं इथे काही नाही. तिहुआनात दर दोन पावलांवर कोणीतरी हाक मारून काहीतरी विकत असतं, इथे आम्हाला कुणी हाक मारली नाही. कुणाचं तोंडही वळलं नाही म्हणा ना. साडी नेसलेल्या आईंकडे फक्त एका छोट्या मुलीने टक लावून बघितलं आणि मग जाऊन पदराला हात लावून आली.

जेवायला नोपालेस घातलेल्या केसादिया, म्हणजे चीज भरून दुमडलेल्या टॉर्टिया, खाल्ल्या. नोपाल म्हणजे निवडुंगाची चपटी पानं, काटे काढून, चिरून, परतून. किंचित आंबट, जरा भेंडीसारखा चिकटपणा. नवऱ्याने दोन घास खाऊन सोडलं, बाबांनी तीन प्लेटी. शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा, इथल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. "सिन मांतेका, सिन कार्ने, सिन पोयो" (चरबी नको, मांस नको, कोंबडी नको) एवढं पाठ करून जा. चीज, कॉर्न टॉर्टिया, भाजलेल्या मिरच्या, ह्यावर मजेत दिवस जातात.

रात्री थंडी पडली, दिवसा स्वेटर काढून ठेवलेला आणि रात्री दात वाजतायत. गाव पाचशे-साडेपाचशे मीटरवर आहे. आमच्या हॉटेलच्या खोलीतला हीटर नुसता आवाज करायचा, ऊब काही देईना. काउंटरवरच्या पोराने अजून चार जाड ब्लँकेटं आणून दिली आणि त्या ब्लँकेटवर ढाण्या वाघाचं चित्र होतं, आई म्हणाल्या हे आपण विकत घेऊन जाऊया का.

शनिवार

शनिवारी आईंचा उपास. मारुतीचा, लग्नाआधीपासूनचा. मला रात्रीच टेन्शन आलं होतं, मी पिशवीत शेंगदाण्याचा लाडू आणि केळी आणलेली पण दिवसभर तेवढ्यावर कसं होणार.

सकाळी आम्ही बाकीचे 'एल मेहोर पान दे टेकाटे' नावाच्या बेकरीत गेलो. टेकाटेला जाऊन इथे न जाणं शक्यच नाही, १९६९ पासूनची बेकरी आहे आणि चोवीस तास उघडी. आत शिरलं की एक ट्रे आणि चिमटा उचलायचा आणि कपाटांसमोरून फिरत जे आवडेल ते ट्रेवर ठेवत जायचं. कोंचा (वर साखरेची शिंपल्यासारखी नक्षी), भोपळ्याचं सारण भरलेल्या करंज्या, पापुद्र्याचे कान. काउंटरवर बाई मोजते, पिशवीत भरते, बिल इतकं कमी की नवऱ्याने परत जाऊन दुसरा ट्रे भरला. आई बाहेर बाकावर बसून आमच्याकडे करुणेने बघत होत्या, "खा खा, मी वास घेते".

आणि मग चौकात ती गंमत झाली. एक बाई टोपलीत गोड पदार्थ घेऊन बसलेली, आई नुसत्या बघायला वाकल्या आणि ओरडल्याच, "अगंबाई, राजगिऱ्याची वडी!" मला वाटलं काहीतरी तसं दिसणारं असेल. नाही, राजगिराच! फुलवलेला, पाकात बांधलेला, वर शेंगदाणे आणि मनुका. ह्याला इथे अलेग्रिया म्हणतात. मी त्या सेन्योरांना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये काय काय घातलंय ते विचारून घेतलं, आमारांतो, पिलोन्सियो म्हणजे त्यांचा गूळ, मध, शेंगदाणे. आईंनी फोनवरचा घरचा फोटो दाखवला, श्रावणातल्या ताटाचा, त्यात राजगिऱ्याचे लाडू होते. त्या बाईंनी चष्मा लावून बघितलं, शेजारच्या फुलवालीला बोलावून दाखवलं, तिने तिच्या मुलीला बोलावलं, आणि मग सगळ्यांनी मिळून आईंना एक वडी जास्तीची दिली, पैसे घेईनात.

मग आम्हाला नादच लागला. पुढच्या गाडीवर उकडलेलं रताळं, चालतं. भाजलेले शेंगदाणे, चालतात. पेरू, चालतो. बटाटा तर आहेच. आणि बाकावर बसून फोनवर शोधत गेलो तर रताळं, शेंगदाणा, बटाटा, मिरची, पेरू, राजगिरा सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. साबुदाणा ज्याचा करतात तो टॅपिओकाचा कंदसुद्धा. पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून आपल्याकडे आलं. म्हणजे चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आपले लोक उपासाला नक्की काय खात होते? वरी, शिंगाडे, दूध, फळं? आई दोन मिनिटं विचारात पडल्या आणि मग म्हणाल्या, "मारुतीला काय, त्याला नवीन चालत असेल." आणि तिखटमीठ-लिंबू लावलेलं रताळं संपवलं. दिवसभर माझ्यापेक्षा जास्त खाल्लं त्यांनी.

दुपारी गावातल्या कम्युनिटी म्युझियममध्ये गेलो, लहानसं आहे पण जा. ह्या भागातले मूळ लोक कुमिआय, अमेरिकेच्या बाजूला त्यांनाच कुमेयाय लिहितात. रेघ पडली १८४८ मध्ये, अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर, आणि हे लोक तिच्या आधीपासून दोन्हीकडे, त्यामुळे सख्खे नातेवाईक दोन देशांत विभागले. टेकाटेच्या हद्दीत हुंतास दे नेही ही त्यांची वस्ती अजून आहे, तिथली मातीची भांडी बघायला मिळतात. ओकच्या झाडाची फळं, एकॉर्न, हे त्यांचं मुख्य अन्न होतं. ती तशीच खाल्ली तर कडू जहर, म्हणून कुटून पीठ करून पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून कडवटपणा काढायचा आणि मग खीर शिजवायची. आईंना हे इतकं पटलं, त्या गाईडबाईंना हातवारे करून विचारत होत्या किती वेळा धुवायचं. आणि येताना उजव्या हाताला दिसला तो कुचुमा त्यांचा पवित्र डोंगर. माथा अमेरिकेच्या बाजूला, सुमारे ११८० मीटर, १९९२ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत घेतला. दोन्हीकडचे कुमिआय त्याला मानतात, पण पलीकडच्यांना तिथे जायला आता पासपोर्ट-व्हिसा लागतो. बाबांनी विचारलं की भिंत डोंगरावरून नेताना ह्यांना कुणी विचारलं होतं का. गाईडबाईंनी खांदे उडवले.

संध्याकाळी बाबांना त्यांचा रस्ता नाही पण रेल्वे मिळाली. गावाच्या मधून रूळ जातात, बिअरच्या कारखान्याजवळून. कारखाना १९४४ मध्ये सुरू झालेला, जगात टेकाटे हे नाव त्या लाल कॅनमुळेच माहीत. रूळ सॅन डिएगो-अॅरिझोना रेल्वेचे. साखरसम्राट जॉन स्प्रेकल्सने बांधायला घेतली ती १९१९ मध्ये पूर्ण झाली, लोक तिला अशक्य रेल्वे म्हणायचे. अमेरिकेतल्या अमेरिकेत सॅन डिएगोहून पूर्वेला जायचं पण मधले डोंगर असे आडवे की गाडी तिहुआनाला मेक्सिकोत शिरते, टेकाटेवरून जाते आणि कँपोजवळ परत अमेरिकेत येते. बाबा रुळांशेजारी उभे राहून म्हणाले, "अलाइनमेंट करणाऱ्यानं बॉर्डर बघितलीच नाही, ग्रेड बघितला, चढ किती ते. बरोबर केलं."

तिथेच बाकावर एक आजोबा बसले होते, त्याच कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांचे आणि बाबांचे दोन फोन, दोन ट्रान्सलेट अॅप, आणि जवळजवळ तासभर गप्पा. विषय काय, तर पेन्शन. किती मिळते, महागाईप्रमाणे वाढते का, हयातीचा दाखला दरवर्षी द्यायला लागतो का. दोघांनीही आपापल्या सरकारला शिव्या दिल्या आणि अॅपने त्या अगदी सभ्य भाषेत पोचवल्या. आजोबा म्हणाले त्यांची पोस्टपेटी अजून पलीकडे आहे, अमेरिकेतल्या टेकाटेत. गावातल्या कित्येकांची असते, ऑनलाइन पार्सल पलीकडे मागवायचं आणि चालत जाऊन आणायचं. म्हणजे ते ओसाड दिसणारं पोस्ट ऑफिस एवढं कशाला, त्याचा उलगडा झाला.

रात्री पोझोले (मक्याचं मटणाच्या रश्श्यासारखं सूप) वगैरे मंडळींनी खाल्लं, मी मशरूम टाको. आईंनी उपास सोडला तो चक्क चीज-मिरचीच्या तामाल्यावर, मक्याच्या पानात वाफवलेला. चरबी नसलेला शोधायला तीन ठिकाणी विचारलं पण मिळाला.

रविवार

परतीच्या रांगेचं टायमिंग महत्त्वाचं. हे गेट चोवीस तास उघडं नसतं, रात्री बंद होतं, वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा निघायच्या दिवशी सीबीपीच्या (अमेरिकेच्या बॉर्डर-कस्टम्स खात्याच्या) साइटवर बघून घ्या, नाहीतर तिहुआनापर्यंत वळसा. रविवारी दुपारनंतर गर्दी वाढते, आम्ही सकाळी बेकरीतून गरम ब्रेडचा मोठा खोका घेतला आणि तडक रांगेत. अर्ध्या तासाच्या आत अमेरिकेत.

रांगेत माझ्यापुढे एक ताई होत्या, पलीकडे सॅन डिएगोत एका वृद्ध बाईंची देखभाल करतात, आठवड्यातले बरेच दिवस ये-जा. त्यांचा अमेरिकन पासपोर्ट, घर टेकाटेत, कारण भाडं. पहाटे अंधारात ओलांडायचं, पलीकडे उभी केलेली गाडी काढायची, १८८, ९४, आणि तासाभरात कामावर. मी म्हटलं रोज ती वळणं? तर म्हणाल्या वळणांचं काही नाही, पावसात दरडी येतात तेव्हा वैताग. बाबांना मी भाषांतर करून सांगितलं तर त्यांनी लगेच, "कुठल्या मैलाला?" ताईंनी खरंच सांगितलं, बॅरेटच्या अलीकडे. बाबांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. काय करणार त्याचं, देव जाणे.

ऑफिसरने विचारलं काय आणलंय. ब्रेड, आणि आईंनी स्वतः पुढे होऊन "स्वीट, रिलिजस" असं सांगून वड्यांची पुडी दाखवली. त्याने वास घेतला, हसला, जाऊ दिलं. फळं, मांस, बियाणं आणायचं नाही, आणि जे असेल ते सरळ सांगायचं, लपवलं की दंड. आई-बाबांचं आय-९४ आधीचंच चालू राहिलं.

गेटबाहेर जुनी तपासणी चौकी आहे, १९३० च्या दशकातली, छान जुन्या घाटाची इमारत, नव्याच्या शेजारी लहान दिसते. बाबांचं लक्ष मात्र खाली, शून्याची पट्टी शोधण्यात. गेटच्या आसपास तसं घुटमळणं बरं दिसत नाही आणि एक गणवेशवाला आमच्याकडे बघायला लागला तेव्हा नवऱ्याने बाबांना हाताला धरून गाडीत बसवलं.

घरी सरळ न जाता ९४ वर उजवीकडे वळून पोत्रेरोवरून कँपोला गेलो. छोटं गाव पण अर्धा दिवस जातो. दगडी दुकान आहे १८८५ चं, गॅस्किल बंधूंचं, त्याच्याआधी १८७५ मध्ये त्यांच्या दुकानावर दरोडेखोरांनी हल्ला केला आणि भर गावात गोळीबार झाला, म्हणून पुढचं दुकान हे असं जाड दगडात बांधलं. रेल्वे म्युझियम वीकेंडला उघडं असतं, जुनी इंजिनं, डबे, हात लावायला देतात. पूर्वी इथून टेकाटेला पर्यटकांची गाडी जायची, ती बंद आहे आता, बाबांना फार वाईट वाटलं.

आणि कँपोच्या दक्षिणेला कच्च्या रस्त्याने गेलं की भिंतीला लागूनच पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा शून्य. इथून निघून कॅनडापर्यंत २६५० मैल, सव्वाचार हजार किलोमीटर चालत. एप्रिल म्हणजे निघायचा सीझन, त्या लाकडी खांबांपाशी सात-आठ पोरं-पोरी पाठीवर सामान बांधून फोटो काढत होती. त्यातल्या एका मुलाचे बूट इतके नवे होते की आईंना राहवलं नाही, "अरे आधी घालून बघायचे होतेस की रे," असं चक्क मराठीत म्हणाल्या आणि त्याच्या हातावर राजगिऱ्याची वडी ठेवली. पहिला मुक्काम लेक मोरेना, वीस मैलांवर, मधे पाण्याचा भरवसा नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर पाणीच पाच-सहा लिटर. बाबांनी त्याला विचारलं, इथे तरी शून्याचा दगड आहे ना? त्याने खांब दाखवला. बाबा त्याच्याशेजारी उभे राहिले, फोटो काढला, आणि तो साताऱ्याच्या रिटायर्ड इंजिनियरांच्या ग्रुपवर लगेच टाकायला गेले तर रेंज नाही.

परत येताना ९४ ची वळणं आईंना नको होती म्हणून बकमन स्प्रिंग्ज रोडने वर आय-८ ला लागलो, थोडं लांब पण सरळ. दोन्हीकडे बॉर्डर पेट्रोलची चेकपोस्टं लागू शकतात, तेव्हा पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा. आम्हाला थांबवलं, चौघांचे कागद बघितले, मागच्या सीटवरच्या खोक्यात काय आहे विचारलं. नवऱ्याने झाकण उघडलं. चार कोंचा आणि एक करंजी उरली होती, बाकी सगळं कँपो यायच्या आधीच संपलेलं.